दहशतवादी संघटना बंदीनंतरही का टिकतात?

बारामती-इंदापूरच्या श्रोत्यांपुढे हा विषय मांडायचा म्हटल्यावर आम्हाला आधी खोडवा आठवला. ऊस तुटून कारखान्याला गेला म्हणजे रान मोकळं झालं, असं इथला कुणी शेतकरी म्हणणार नाही. जमिनीत बुडखे असतात, मुळं पसरलेली असतात; पाणी मिळालं की फुटवे येतात. देशोदेशी हातपाय पसरलेल्या दहशतवादी संघटनांचं असंच आहे.

लष्कर-ए-तय्यबाचंच बघा. जानेवारी २००२ मध्ये पाकिस्तानने तिच्यावर बंदी घातली. काम मात्र जमात-उद-दावा या नावाने चालू राहिलं. शाळा, दवाखाने, वर्गण्या. २००५ च्या भूकंपात तर मदतकार्यही. म्हणजे बंदी आली ती पाटीवर. माणसं, पैसा आणि आसरा तसाच राहिला. पुढे २०१९ मध्ये काश्मीरात ‘द रेझिस्टन्स फ्रंट’ हे नाव आलं. ती लष्करचीच आघाडी आहे, असं अमेरिकेनेही जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं.

दुसरी गोष्ट म्हणजे धीर. २६/११ चा हल्ला २००८ चा. पण दाऊद गिलानीने डेव्हिड हेडली हे नाव घेतलं २००६ मध्ये आणि मुंबईच्या वाऱ्या करून जागा हेरल्या. दोन वर्षांची तयारी आणि १६६ बळी. हल्लेखोर दहा; नऊ मारले गेले. कसाब जिवंत सापडला तो शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या तुकाराम ओंबळे यांनी प्राण दिले म्हणून. २१ नोव्हेंबर २०१२ ला आपल्याच जिल्ह्यात, येरवड्यात त्याला फाशी झाली. पण संघटनेने ही दहाही पोरं आधीच खर्ची टाकलेली होती. फोनवरून हुकूम सोडणारे तिकडे पाकिस्तानात सुखरूप होते.

मग उपाय काय? खोडवा मोडायचा तर आधी पाणी तोडावं लागतं. दहशतवादाच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफने २०१८ ते २०२२ पाकिस्तानला करड्या यादीत ठेवलं. त्याच काळात, फेब्रुवारी २०२० मध्ये, लष्करचा संस्थापक हाफिज सईद याला दहशतवादाच्या पैशांच्या प्रकरणात शिक्षा झाली. दाब बसला की फरक पडतो. तरीही २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली गेलीच. एकदा पाणी तोडलं की काम संपलं, असं होत नाही.

आणि एक पाट आपल्या बाजूनेही वाहतो, तो संशयाचा. पहलगामला धर्म विचारून गोळ्या घातल्या, त्या आपण इथे एकमेकांकडे वाकड्या नजरेने बघावं म्हणून. त्याच दिवशी पर्यटकांना वाचवताना एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही गेला, हे आपण किती जणांना सांगितलं? उद्या बारामतीचा एखादा मुलगा शिकायला पुण्यात गेला आणि नुसतं नाव ऐकून त्याला खोली नाकारली, तर हल्लेखोरांचं उरलेलं काम आपणच पुरं केलं, असं होईल. तेवढं पाणी तोडणं आपल्या हातात आहे.