धावता-उडता क्षण मोबाईलमध्ये नीट कसा टिपावा?

हिवाळ्यात शाळेची सहल घेऊन आम्ही बोदलकसा तलावावर (ता. तिरोडा, जि. गोंदिया) गेलो होतो. बदकांचा थवा पाण्यावरून उठला आणि घरून आणलेले पाच-सहा मोबाईल एकदम वर गेले. नंतर पाहिलं तर प्रत्येक व्हिडिओत पंखांच्या जागी नुसता धूर! महागड्या मोबाईलचीही तीच गत. चूक मोबाईलची नव्हती, सेटिंगची होती. मुलांच्या शर्यती, कबड्डीचे सामने टिपतानाही हेच होतं.

शटर : एक फ्रेम टिपताना कॅमेरा किती वेळ प्रकाश घेतो, ते शटर ठरवतं. सेकंदाला ५ मीटर धावणारं मूल १/५० सेकंदात १० सेंटिमीटर पुढे जातं; चित्र तेवढं फरफटतं. १/५०० ठेवलं तर फक्त १ सेंटिमीटर. म्हणून धावण्यासाठी १/२५० ते १/५००, पक्ष्यांसाठी १/१००० ठेवून पाहा. बऱ्याच मोबाईलमध्ये हे ‘प्रो व्हिडिओ’त बदलता येतं.

फ्रेम : प्रो मोड नसेल तर सेटिंगमध्ये ३० ऐवजी ६० फ्रेम निवडा. मग कोणतीही फ्रेम १/६० सेकंदापेक्षा जास्त वेळ प्रकाश घेऊच शकत नाही. १२० फ्रेमने घेतलेले १० सेकंद ३० च्या वेगाने दाखवले की ४० सेकंद चालतात. स्लो मोशन म्हणतात ते हेच.

प्रकाश : शटरची वेळ निम्मी केली की प्रकाशही निम्मा होतो. आयएसओ वाढवला तर चित्र उजळतं, पण दाणेदार होतं. त्यापेक्षा सकाळचं ऊन पाठीशी घेऊन उभं राहा.

रात्रीचे सामने : आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, व्हिडिओत मात्र काळे पट्टे येतात. तिथे शटर १/५० किंवा १/१०० च ठेवा. थोडं धूसर चालेल.

फोकस : खेळाडू जिथून जाणार, त्या जागेवर स्क्रीन दाबून फोकस आधीच लॉक करा.

एवढं समजावल्यावर एका मुलाने थवा पुन्हा उडावा म्हणून दगड उचलला. आम्ही त्याचा हात धरला. हिवाळी पाहुणे दूरवरून येतात, इथे खातात, विसावतात. उगाच उडवलं की त्यांची ताकद वाया जाते. मुक्या जिवावर रहम करावा, हे घरात शिकवतोच ना आपण? पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली लहानपणी एअरगनने चिमण्या मारायचे. तशाच एका वेगळ्या चिमणीने त्यांना पक्ष्यांच्या अभ्यासाकडे वळवलं. १२ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो.

दगड खाली पडला. सगळे गप्प बसून राहिलो. बऱ्याच वेळाने एक बगळा आपणहून उडाला. त्या मुलाच्या व्हिडिओत पंखाचं पीस न् पीस दिसत होतं.

शटर वाढवा, आणि सब्रही.