बारा अंडी, तीन पिलं!

मैत्रिणींनो, बोईसरला राहायचं म्हणजे एक पाय शहरात नि एक वाडीत. पुढच्या दारी तारापूरच्या कारखान्यांच्या बसेसची ये-जा, आणि मागच्या दारी माझ्या आठ गावठी कोंबड्या व एक कोंबडा. अर्धवेळ शाळा आटोपून आले की तेवढाच विरंगुळा, शिवाय अंड्यांचे चार पैसे हातात.

गेल्या दिवाळीनंतर एक कोंबडी खुडूक बसली, तिच्याखाली १२ अंडी ठेवली. पिलं देईन म्हणून बचत गटातल्या दोघींकडून आगाऊ पैसेही घेतले. २१ व्या दिवशी निघाली तीन! त्यातल्या एकाची बोटं आत वळलेली, धड उभं राहीना. पैसे परत करताना मान वर होईना माझी. सासूबाईंनी निकाल दिला, "वांझ आहे ती." अंडी आठही जणींची होती, बोल मात्र लागला बसलेल्या एकीला. आपल्याकडे दोष आधी तिच्याच माथी, नाही का?

उरलेली नऊ अंडी मी कोपऱ्यात नेऊन फोडली, नाकाला पदर लावून! दोन फळलेलीच नव्हती. सातांत पिलू धरलं होतं, पण अर्ध्यावर गेलं होतं. इथंच तर मेख होती. अंडं फळलंच नाही तर कोंबड्याकडे पाहावं; आठ-दहा माद्यांमागे एक तरतरीत नर पुरतो. पण फळून पिलू गेलं, आणि ऊब नीट मिळालेली असली, तर आईच्या खाण्याकडे वळावं. कवच बनलं की हवेखेरीज पिलाला बाहेरून काही मिळत नाही. २१ दिवसांची शिदोरी आईने बांधून दिली तेवढीच.

जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "खायला काय घालता?" मी म्हटलं, उरलेला भात नि कोंडा. ते हसले. त्यात पोट भरतं, पण बी-२ जीवनसत्त्व पुरेसं नसतं. त्याच्या कमतरतेने पिलं कवचातच मरतात, निघालेल्यांची बोटं वळतात. अ, ड आणि ई जीवनसत्त्वं, मँगेनीज, जस्त, सेलेनियम यांचंही तसंच. लागतात चिमूटभर, पण नसली की पिलं हाती लागत नाहीत.

मग मी भरड्यात कोंबड्यांसाठी मिळणारं व्हिटॅमिन-मिनरल मिक्स्चर घालू लागले. प्रमाण पाकिटावरचंच घ्या, डोळ्यांच्या अंदाजाने नको. सेलेनियम जास्त झालं तर विषच. आधी मूठभर पिठात कालवा, मग सगळ्यात मिसळा, म्हणजे एकीलाच सगळं जाणार नाही. जोडीला शेवग्याचा पाला. सातपाटीचा जवळा आपल्याकडे घरोघरी असतो, तोही थोडा घालावा; पण खारट नको, आणि फार घातला तर अंड्यांना वास येतो.

शिंपल्या तर टाकूच नका. तिसऱ्यांचं कालवण झालं की धुऊन, वाळवून जाडसर कुटा नि वेगळ्या भांड्यात ठेवा. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि कवच मुख्यतः रात्री बनतं. जाडा चुरा पोटात हळूहळू विरघळतो, तो रात्री कामाला येतो. बारीक पूड तेवढी टिकत नाही.

एका दुकानदाराने "हमखास अंडी वाढतील" म्हणून बिननावाची बाटली पुढे केली होती. मी घेतली नाही. अँटिबायोटिक डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय खाद्यात घालायचं नाही. कोलिस्टिनवर तर जनावरांसाठी २०१९ पासून बंदीच आहे. आणि आपल्याकडच्या पावसात भरड्याला बुरशी लागते, मग कुठलंही औषध घाला, फुकटच. पोतं फळीवर ठेवा, कुबट वास आला तर सरळ फेका.

धीर मात्र हवा. बलक भरायलाच दहाएक दिवस लागतात, म्हणून मी तीन आठवडे थांबून मगच अंडी जमवली, तीही सात दिवसांच्या आतली. सातव्या रात्री टॉर्च धरून पाहिलं, तर दहांत लाल शिरांचं जाळं! निघाली नऊ. त्या दोघींना निरोप धाडला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, टोपलीपाशी मात्र बसून होत्या.

हो, एक राहिलंच. पिलं निघाली की शिंपल्यांचं भांडं उंचावर ठेवा. एवढं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही.