यादीत चढायचं तर मुक्काम हवा

बेसबॉलचे आकडे : लेखांक 7

मागच्या आठवड्यात होमरनचा हिशेब पाहिला. आज त्याच होमरनची एक वेगळी यादी उघडू. अमेरिकेतल्या प्रत्येक संघाची स्वतःची सार्वकालिक यादी असते. त्या संघाचा गणवेश अंगात असताना कुणी किती होमरन मारले, एवढंच तिच्यात मोजतात. संघ गुणतक्त्यात तळाला पडला, हंगाम रटाळ झाला, तरी प्रेक्षक या यादीसाठी मैदानावर येतात. आपला गडी आज कुणाला मागे टाकतोय, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं असतं.

सगळ्यात दबदबा न्यूयॉर्क यँकीजच्या यादीचा. सप्टेंबर 2025 मध्ये आरन जजने तिथे आधी योगी बेराला (358) आणि पाठोपाठ जो डिमाजिओला (361) मागे टाकलं. हंगाम संपला तेव्हा सहा फूट सात इंच उंचीचा हा बॅटर 368 होमरनसह चौथ्या क्रमांकावर होता. त्याच्या वर तिघंच : लू गेरिग 493, मिकी मँटल 536 आणि बेब रुथ 659.

जजने डिमाजिओला ओलांडलं हे खरं, पण डिमाजिओचे 361 जरा थांबून पाहण्यासारखे आहेत. 1943 ते 1945 हे तीन हंगाम तो महायुद्धामुळे सैन्यात होता, आणि तेही ऐन अठ्ठाविशी-तिशीत. त्यात जुन्या यँकी स्टेडियमची घडण. उजवीकडची भिंत कोपऱ्यात तीनशे फुटांच्याही आत, त्यामुळे रुथ आणि गेरिग या डावखुऱ्यांची चंगळ. डिमाजिओ उजव्या हाताचा; त्याचे फटके डावीकडे जायचे आणि तिथे डाव्या-मध्य भागात भिंत साडेचारशे फुटांपलीकडे. त्याच्या 361 पैकी घरच्या मैदानावरचे फक्त 148, बाहेरचे 213! घरचं मैदानच ज्याच्या मुळावर आलं, असा दुसरा मोठा बॅटर मला तरी चटकन आठवत नाही. आणखी एक गोष्ट : तेरा हंगामांत मिळून तो केवळ 369 वेळा स्ट्राइकआउट झाला. जज 2017 च्या एकाच हंगामात 208 वेळा झाला होता. अर्थात आजचे पिचर ज्या वेगाने चेंडू टाकतात तो डिमाजिओच्या काळात क्वचितच दिसायचा, हेही जजच्या बाजूने मांडायलाच हवं.

संघाच्या यादीचा नियम कडक असतो. रुथचे कारकिर्दीतले होमरन 714, पण बोस्टन रेड सॉक्सकडचे 49 आणि अखेरीस ब्रेव्हजकडचे 6 यँकीजच्या वहीत चढत नाहीत. ॲलेक्स रॉड्रिगेझचे तर एकूण 696. त्यांतले यँकीजसाठी 351, म्हणून तो बेराच्याही खाली. वसीम जाफरच्या रणजीतल्या 12 हजारांवर धावा मुंबई आणि विदर्भ अशा दोन वह्यांत विभागाव्या लागतील, तसंच हे.

म्हणजे ही यादी बॅटइतकीच मुक्कामाची. आणि मुक्काम पूर्वी खेळाडूच्या हातात नव्हता. करारातल्या एका कलमामुळे संघ खेळाडूला वर्षानुवर्षं आपल्याकडे अडकवून ठेवू शकत असे. विकायचा की ठेवायचा हे मालक ठरवत. रुथ न्यूयॉर्कला आला तोही 1919 च्या अखेरीस रेड सॉक्सने विकला म्हणून. डिसेंबर 1975 मध्ये पीटर साइट्झ या लवादाने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि ती बेडी सुटली. यँकीजच्या यादीतले रुथ, मँटल, गेरिग, डिमाजिओ, बेरा हे सगळे त्याआधीचे. पहिल्या पाचांत मुक्त बाजाराच्या काळातला एकटा जज.

2022 च्या हंगामानंतर तोही मोकळा झाला होता. त्याच वर्षी त्याने 62 होमरन मारून रॉजर मॅरिसचा 1961 पासूनचा अमेरिकन लीगचा विक्रम मोडला होता, आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्स पैसे घेऊन दारात उभे होते. जज उत्तर कॅलिफोर्नियातल्या लिंडनचा, लहानपणी जायंट्सचाच चाहता. तो गेला असता तर यँकीजच्या वहीत त्याच्या नावापुढे 220 हा आकडा कायमचा थिजला असता. अखेर नऊ वर्षांचा, 36 कोटी डॉलरचा करार झाला आणि तो राहिला. माझ्या मते या यादीतला सगळ्यात मोठा फटका तोच.

करार 2031 पर्यंतचा आहे, तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा असेल. 2026 पासूनच्या सहा हंगामांत गेरिगला गाठायला वर्षाला साधारण 21 होमरन पुरतील, मँटलला 28. रुथसाठी मात्र सरासरी 48 च्या वर लागेल. चाळिशीकडे झुकलेल्या शरीराकडून तेवढं मागणं जरा जास्तच.

जज राहिला; फ्रेडी फ्रीमनचं उलट झालं. ब्रेव्हजसाठी 271 होमरन मारून तो 2022 मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला. ज्या यादीत हँक आरन 733 होमरनसह अव्वल आहे, तिच्यातली त्याची चढण तिथेच थांबली.

कॅन्सस सिटी रॉयल्सचा साल्वादोर पेरेझ मला अधिक भावतो. व्हेनेझुएलाचा हा मुलगा सोळाव्या वर्षी संघाशी करारबद्ध झाला, 2011 मध्ये पहिला सामना खेळला आणि कुठेही गेला नाही. तो कॅचर. म्हणजे प्रत्येक चेंडूला उकिडवं बसायचं, गुडघे झिजवायचे, अंगावर फटके खायचे आणि मग बॅट हातात घ्यायची. कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे 2019 चा अख्खा हंगाम गेला. तरीही 2025 अखेर त्याचे 303 होमरन झाले होते. संघाचा विक्रमवीर जॉर्ज ब्रेटला (317) गाठायला चौदा कमी. ब्रेटही आयुष्यभर रॉयल्सकडेच खेळलेला.

पुढच्या आठवड्यात पिचरांची यादी. डॉजर्सचा क्लेटन कर्शॉ स्ट्राइकआउटमध्ये डॉन सटनला मागे टाकून संघात पहिला झाला, पण 2025 मध्ये निवृत्त होताना त्याचे विजय 223, सटनचे 233. हे दहा का राहिले, ते तेव्हा पाहू.