गाभा-कवच कणांचे चुंबकत्व व स्फटिकदोष

एका पदार्थाचा गाभा व त्याभोवती दुसऱ्या पदार्थाचे कवच अशी रचना असलेल्या, सुमारे १०० नॅनोमीटरपर्यंत (१ नॅनोमीटर = मीटरचा अब्जांश) व्यासाच्या कणांना गाभा-कवच नॅनोकण म्हणतात. दोहोंपैकी एक तरी पदार्थ चुंबकीय असल्यास कणाचे वर्तन केवळ त्यांच्या गुणधर्मांच्या बेरजेने सांगता येत नाही. ते त्यांच्यामधील सीमेवर व स्फटिक-जालकातील दोषांवर फार अवलंबून असते. आयनाचे रिक्त स्थान, परका आयन, तसेच जालकाच्या दोन भागांची मांडणी परस्परांशी न जुळणारी सीमा, हे येथे महत्त्वाचे दोष होत.

लोहाच्या ऑक्साइडांत शेजारच्या लोह आयनांची चुंबकीय परिबले मधल्या ऑक्सिजन आयनामार्फत परस्परांशी निगडित असतात. एक लोह आयन नाहीसा झाला की त्याच्या शेजाऱ्यांचे दुवे तुटतात व त्यांची परिबले तिरकस होऊ शकतात. पृष्ठभागी असे दुवे मुळातच कमी असतात. १० नॅनोमीटर व्यासाच्या कणात पृष्ठालगतच्या १ नॅनोमीटर जाडीच्या थरात जवळजवळ निम्मे घनफळ सामावते, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचे महत्त्व पटते. अतिसूक्ष्म मॅगेमाइट कणांतील अशी तिरकस मांडणी जे. एम्. डी. कोई यांनी १९७१ मध्ये दाखविली.

याचे निसर्गातील उदाहरण महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणात आहे. दख्खनच्या बेसाल्टातील मॅग्नेटाइट वर्गाच्या कणांचे ऑक्सिडीकरण बाहेरून आत होत जाते आणि मॅग्नेटाइटाच्या गाभ्याभोवती मॅगेमाइटाचे कवच तयार होते. मॅगेमाइटात दर सहा अष्टफलकीय स्थानांपैकी सरासरी एक रिक्त असते. म्हणजे कवच हे जणू दोषांचेच बनलेले असते. त्याचे जालक किंचित आखूड (०·८३४ नॅनोमीटर, मॅग्नेटाइटाचे ०·८४० नॅनोमीटर) असल्यामुळे सीमेवर ताण येतो व कणाचे चुंबकीकरण उलटविणे अवघड होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सी. राधाकृष्णमूर्ती, एस्. डी. लिखिते व पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी १९७० च्या दशकात बेसाल्टातील कणांचे बहुक्षेत्री, एकक्षेत्री, अतिसमचुंबकीय (उष्णतेमुळे चुंबकीकरणाची दिशा सतत पालटणारे) व धन आयनांची उणीव असलेले असे प्रकार पाडले. खडक द्रव नायट्रोजनाच्या तापमानापर्यंत (–१९६° से.) थंड करून हे प्रकार ओळखता येतात. हा भेद केवळ वर्गीकरणापुरता नाही. लाव्हा थिजताना त्यात नोंदल्या गेलेल्या भूचुंबकीय दिशेवरून सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता असे अनुमान निघते. नंतर बनलेल्या कवचाने मूळ नोंदीवर दुसरी नोंद चढविली असल्यास हे अनुमान चुकू शकते.

बदलाची शेवटची अवस्था कोकणात सर्वत्र दिसते. कुणकेश्वर-देवगड भागातील सड्यांवरचा जांभा लोह हेमॅटाइट व गोएथाइट या रूपांत धरून ठेवतो. हेमॅटाइटाचे चुंबकीकरण मॅग्नेटाइटाच्या सुमारे दोनशेव्या हिश्शाइतकेच असते.

दोषांची दुसरी बाजू कोबाल्टच्या कणांत दिसून आली. कोबाल्ट ऑक्साइडाच्या कवचातील शेजारची परिबले उलटसुलट असल्याने परस्परांस निष्फळ करतात. असे कण चुंबकीय क्षेत्रात थंड केल्यावर त्यांचे मंदायन वेटोळे एका बाजूस सरकते, असे डब्ल्यू. एच्. माइकलजॉन व सी. पी. बीन यांना १९५६ मध्ये आढळले. सीमा निर्दोष धरून केलेल्या गणिताने मात्र हे सरकणे प्रत्यक्षाच्या कित्येक पट येते. ओबडधोबड सीमेवर निष्फळ न झालेली थोडीच परिबले गाभ्यास जखडतात, हे त्याचे एक कारण. उलट, कोबाल्ट ऑक्साइडाच्या थरात अचुंबकीय मॅग्नेशियम आयन घातले असता परिणाम वाढल्याचे २००० मध्ये दिसून आले. तेव्हा दोष म्हणजे केवळ हानी, ही समजूत टिकत नाही.

लोह मोनॉक्साइडाचा गाभा व मॅग्नेटाइटाचे कवच असलेले कण पूर्ण ऑक्सिडीकृत केले, तरी आत न जुळणाऱ्या सीमा शिल्लक राहतात. क्ष-किरण विवर्तनात कण एकजिनसी भासतो, त्याचे संपृक्त चुंबकीकरण मात्र मॅग्नेटाइटाच्या मोठ्या स्फटिकाहून (सु. ९२ विद्युत् चुंबकीय एकके प्रतिग्रॅम) बरेच कमी भरते. प्रत्यावर्ती क्षेत्रात कण तापवून अर्बुदावर उपचार करण्याच्या पद्धतीत हेच दोष उपयोगी पडू शकतात, कारण परिबलांना जखडून ते उष्णतेचे उत्पादन वाढवितात. परंतु त्यांचे प्रमाण अधिक झाल्यास चुंबकीकरणच घटते आणि तापणे मंदावते.