श्रवणातीत साक्ष

गिरगाव, काळबादेवी, भेंडी बाजार या जुन्या मुंबईच्या वस्त्यांतून हिंडताना ज्यांच्या सज्ज्यांना टेकू लावलेले आहेत, ज्यांच्या गिलाव्याचे पापुद्रे सुटून गंजलेल्या सळया उघड्या पडल्या आहेत आणि ज्यांच्या जिन्याच्या तोंडाशी पावसाळ्यापूर्वीच धोक्याची नोटीस डकवलेली आहे, अशा इमारती पावलोपावली भेटतात. अशांच्या दुरुस्तीसाठी १९६९ साली स्वतंत्र कायदा झाला, उपकर बसला, आणि १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारतींचा निराळा ‘अ’ वर्ग दप्तरी रुजू झाला. पुढे महापालिकेच्या अधिनियमात कलम ३५३ब आले आणि तीस वर्षांहून अधिक काळ वापरात असलेल्या इमारतीची तज्ज्ञाकडून तपासणी करवून तसा दाखला सादर करणे बंधनकारक ठरले. ज्या यंत्राचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे, ते या दाखल्याच्या निमित्ताने चाळीचाळींतून फिरू लागले.

यंत्र म्हणजे हातात मावणारी एक पेटी आणि तारांनी तिला जोडलेल्या दोन धातूच्या नळकांड्या. खांबाचा गिलावा खरवडून, पृष्ठभागास ग्रीस माखून, एक नळकांडी या बाजूस आणि दुसरी बरोबर समोरच्या बाजूस दाबून धरावयाची. पहिली सेकंदास सुमारे ५४ हजार कंपनांचा, म्हणजे मानवी कानाच्या कक्षेपलीकडचा, ध्वनी सोडते, दुसरी तो टिपते, आणि मध्ये लागलेला वेळ पेटीच्या पडद्यावर उमटतो. ३०० मिलिमीटर जाडीचा खांब ओलांडण्यास ७५ मायक्रोसेकंद लागले, तर वेग सेकंदास ४ किलोमीटर झाला. काँक्रीटमध्ये पोकळी किंवा भेग असेल तर ध्वनीला वळसा घालावा लागतो आणि वेग घटतो. १९९२ च्या भारतीय मानकाने ४.५ किलोमीटरहून अधिक वेग उत्कृष्ट, ३.५ ते ४.५ चांगला, ३ ते ३.५ मध्यम आणि ३ च्या खालचा शंकास्पद मानला होता.

इतके स्वच्छ मोजमाप हाती आल्यावर निवाडाही तितकाच स्वच्छ व्हावा, ही अपेक्षा स्वाभाविक असली तरी मुंबईची हवा ती पुरी होऊ देत नाही. काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत हवेच्या जागी पाणी भरले की ध्वनी अधिक वेगाने धावतो. त्यामुळे ऐन आषाढात भिजलेला खांब चैत्रातल्या कोरड्या खांबापेक्षा निरोगी भासतो. ध्वनीच्या वाटेलगत समांतर सळई असली तरीही आकडा फुगतो.

स्विस अभियंता एर्न्स्ट श्मिट याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, स्प्रिंगच्या जोराने आदळून किती उसळी घेतो यावरून पृष्ठभागाचा कठीणपणा सांगणाऱ्या हातोड्याची गत याहून विलक्षण आहे. हवेतील कर्बवायू वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये मुरतो, त्यातील अल्कतेचा ऱ्हास करतो, आणि त्या अल्कतेच्या आश्रयाने सुरक्षित असलेली सळई गंजावयास लागते; परंतु हाच वायू पृष्ठभाग अधिक कठीण करतो. म्हणजे आतल्या लोखंडाचे कवच ज्या क्रियेने नाहीसे झाले, त्याच क्रियेमुळे हातोडा उंच उसळतो. म्हणूनच मला या साऱ्या सरंजामात फिनॉल्फ्थॅलीनच्या द्रावणाची छोटी बाटली मोलाची वाटते: ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर ते शिंपडावे, जेथे अल्कता शाबूत तेथे गर्द गुलाबी रंग चढतो, जेथे ती गेली तेथे काहीच होत नाही. त्याच्या जोडीस सळईचा विद्युत्‌विभव मोजावा. ताम्र-गंधकाम्लक्षाराच्या विद्युदग्राच्या तुलनेत तो उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेला असेल, तर गंज चालू असण्याचा संभव नव्वद टक्क्यांहून अधिक मानतात. हे चारही पुरावे एकत्र वाचणारा अभियंताच ‘सी-१’ हा, इमारत तत्काळ रिकामी करून पाडण्याचा, शेरा लिहिण्यास अधिकारी होय; आणि ज्यांचे घर त्या शेऱ्याने जाणार, त्या रहिवाशांना शेऱ्यासोबत मूळ आकडेही मिळाले पाहिजेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

शिवाय यांतील कित्येक इमारतींत सांगाडा काँक्रीटचा नाहीच. तो सागवानी खांब-तुळयांचा आणि वीटकामाचा आहे. तेथे वरच्या मानकातील वेगांचे कोष्टक गैरलागू ठरते. तेथे घात होतो तो मोरीलगतच्या भिंतीत शिरलेल्या तुळयांच्या टोकांशी, जेथे पिढ्यान्‌पिढ्या पाणी मुरून लाकूड आतल्या आत कुजते आणि बाहेरचा रंग मात्र अभंग राहतो. सुईसारखे बारीक गिरमिट आत शिरताना लाकूड किती विरोध करते याचा आलेख काढणारे यंत्र हे कुजणे दाखवते. लेझरचा झोत फिरवून लक्षावधी बिंदूंत इमारतीची आकृती उतरवणारे यंत्र मजल्याचा झोल आणि भिंतीचा कल मिलिमीटरांत सांगते.

पूर्वी भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तीवर तारीख लिहीत. पट्टी फुटली की भिंत हलली एवढे कळे. केव्हा आणि किती, हे कळत नसे. आज तेथे बसवलेला मापक तासातासाला मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंतची हालचाल तापमानासह नोंदवतो, आणि त्या नोंदीत दिसते की भेग दिवसाच्या उन्हाने आणि रात्रीच्या गारव्याने रोज थोडी मिटते, थोडी उघडते. यातली कोणती हालचाल ऋतूची आणि कोणती ऱ्हासाची, हे ओळखण्यास एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा तरी मापक जागेवर राहावा लागतो. वर्ष उलटल्यावर रेषा जेथून निघाली तेथेच परतली, तर भिंत केवळ ऋतुमानाप्रमाणे हलली असे धरता येते. परतली नाही, तर उरलेले अंतर हा त्या वर्षाचा ऱ्हास.