उपग्रह प्रतिमेवरून नगराची ओळख : अमरावती आणि अकोला

नकाशावरील नाव वाचून शहर ओळखणे आणि नाव पुसलेल्या प्रतिमेवरून शहर ओळखणे या दोन भिन्न बौद्धिक क्रिया होत. पहिलीत स्मरण पुरते. दुसरीत पुरावा शोधावा लागतो. भूगोलविषयक ओळख-खेळांमुळे ही दुसरी क्रिया आता तरुणांच्या करमणुकीचा भाग झाली आहे. २०१३ साली स्वीडनमधून पुढे आलेला ‘जिओगेसर’ हा खेळ रस्त्यावरील दृश्यांवर आधारलेला आहे. केवळ उपग्रह प्रतिमा दाखवून शहर ओळखावयास सांगणारे खेळप्रकारही रूढ झाले आहेत. वऱ्हाडाला हा दुसरा प्रकार अधिक जवळचा. भारतात २०२२ साली गूगलची रस्तादृश्य सेवा नव्याने सुरू झाली तेव्हा पहिल्या दहा शहरांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नाशिक व अहमदनगर यांचा समावेश होता. वऱ्हाडातील एकही शहर नव्हते.

या खेळात सराईत झालेले खेळाडू पुष्कळदा चोरवाटेने उत्तर गाठतात. प्रतिमेची विशिष्ट झाक किंवा दोन प्रतिमांमधील सांधा लक्षात ठेवून शहराचे नाव सांगणे शक्य असते, पण त्यात शहराचे वाचन होत नाही. भूगोलाच्या अध्यापकाला रस असतो तो प्रतिमावाचनाच्या मूलघटकांत : रंगछटा, पोत, आकार, आकारमान, रचनाबंध, छाया, स्थान आणि साहचर्य. यांपैकी शेवटचे दोन, म्हणजे वस्तू कोठे आहे आणि तिच्या सोबतीला काय आहे, हे वऱ्हाडात विशेष उपयोगी पडतात.

प्रथम प्रदेश निश्चित करावा लागतो. उत्तरेस मेळघाटाची दाट वनराजी, तिच्या पायथ्याशी जवळजवळ सरळ रेषेत तुटणारा गाविलगडचा डोंगर आणि त्याखाली पूर्णेचे सपाट खोरे, ही मांडणी दिसली की वऱ्हाडाविषयी फारशी शंका राहत नाही. काळी कापसाची जमीन प्रकाश फार कमी परावर्तित करते. त्यामुळे मे महिन्यातील प्रतिमेत उघडी शेते गडद आणि त्यांमधील गावे उजळ दिसतात. सप्टेंबरमध्ये हेच चित्र उलटते. वनस्पती लाल रंगात दाखविणाऱ्या मिथ्यावर्ण प्रतिमेत कपाशी, सोयाबीन आणि तुरीने सारे खोरे लाल होते, तर शहर निळसर-करडे उरते. म्हणून प्रतिमेचा महिना माहीत नसताना केवळ रंगावरून काढलेला निष्कर्ष धोक्याचा ठरतो. जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांची लांबट छपरे व मोकळी आवारे कापसाच्या बाजारपेठेची साक्ष देतात खरी. पण ती अमरावतीत आहेत, अकोल्यात आहेत आणि खामगावातही आहेत. त्यांच्यावरून प्रदेश कळतो, शहर कळत नाही.

अमरावती : तटाचा ठसा

मोठे शहर म्हणजे मोठी नदी, हा समज अमरावतीच्या बाबतीत टिकत नाही. पूर्वेकडील पोहऱ्याच्या टेकड्यांपलीकडचे पाणी वर्धेकडे जाते, अलीकडचे पेढी-पूर्णेकडे. जलविभाजकाच्या इतक्या जवळ वसलेल्या नगराच्या वाट्याला अंबा नाल्यासारखे लहान प्रवाहच येणार. नदीऐवजी टेकड्यांच्या कुशीतील वडाळी व छत्री हे दोन तलाव गडद ठिपक्यांप्रमाणे दिसतात. (आंध्र प्रदेशातील अमरावतीशी नावाचा घोटाळा कागदावर नेहमी होतो, प्रतिमेत तो होऊ शकत नाही, कारण ती कृष्णेच्या काठी आहे.)

खरी ओळख शहराच्या गाभ्यात आहे. पेंढाऱ्यांच्या उपद्रवापासून सधन व्यापारीपेठेचे रक्षण व्हावे म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राजवटीत गावाभोवती दगडी परकोट उभारण्यात आला. त्याची लांबी सुमारे सव्वादोन मैल, म्हणजे ३.६ किलोमीटर. परकोट वर्तुळाकार मानला, तर आतील क्षेत्र एक चौरस किलोमीटरच्या आसपास भरते. १९८८ साली सोडलेल्या आयआरएस-१ए उपग्रहाच्या ७२.५ मीटर विभेदनक्षमतेच्या कॅमेऱ्यात एवढे क्षेत्र जेमतेम दोनशे पिक्सेलांत सामावते. त्यातून तटबंद गावाचा आकार ओळखता येणे कठीणच. दहा मीटर विभेदनक्षमतेच्या आजच्या सेंटिनेल-२ प्रतिमेत त्याच क्षेत्राला दहा हजार पिक्सेल मिळतात, तर २००५ मधील कार्टोसॅट-१ च्या अडीच मीटर प्रतिमेत दीड लाखाहून अधिक. तट स्वतः काही मीटरच रुंद असल्यामुळे दहा मीटरच्या प्रतिमेत तो सहसा वेगळा उठत नाही. उठतो तो त्याचा परिणाम. आत खेटून उभी घरे, अरुंद गल्ल्या, झाडांचा अभाव, म्हणून बारीक व घट्ट पोत. बाहेर, विशेषतः १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यानंतर वाढलेल्या कॅम्प भागात, प्रशस्त आवारे आणि झाडी. जवाहर गेट, अंबागेट, नागपुरी गेट येथून आजही ज्या वाटा बाहेर पडतात, त्या या घट्ट गाभ्यापासून आऱ्यांप्रमाणे फाकतात.

दुसरा पुरावा रुळांचा. १८६७ मध्ये नागपूरला पोहोचलेली मुंबई–नागपूर मुख्य लोहमार्गिका अमरावतीला वळसा देऊन बडनेऱ्यावरून गेली. बडनेऱ्याहून शहरात आलेला फाटा जुन्या स्थानकात येऊन संपतो. रुळांचा असा शेवट वऱ्हाडात खामगावलाही आहे, परंतु आकारमान पाहिले की संभ्रम उरत नाही. पुढे नरखेडकडे जाणारा मार्ग झाला, तो नव्या अमरावती स्थानकावरून. जुने स्थानक टोकाचेच राहिले.

अकोला : नदी आणि रुळांची फुली

अकोल्याचे वाचन तुलनेने सोपे. दक्षिणेकडून उत्तरेस पूर्णेला मिळावयास निघालेली मोर्णा शहर दुभागते. पश्चिम काठावर जुने गाव, पूर्वेस ताजनापेठ व इंग्रजकालीन प्रशासकीय वस्ती. पूर्व-पश्चिम मुख्य मार्गिका आणि दक्षिणोत्तर पूर्णा–खंडवा मार्ग यांची येथे फुली होते. पूर्णेकडील रूळ २००८ मध्ये मीटरगेजचे ब्रॉडगेज झाले, पण मार्गिकेची रेषा मात्र प्रतिमेत तशीच राहिली. शहराच्या पूर्वेस शिवणीची लहान धावपट्टी आहे आणि त्याच बाजूस १९६९ साली स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची प्रक्षेत्रे. आखीव, लहान, एकसारख्या आयतांचा हा पट्टा भोवतीच्या वेड्यावाकड्या वावरांत चटकन वेगळा पडतो. हे साहचर्य अमरावतीत आढळत नाही. तिकडे बेलोरा विमानतळ आहे, पण भोवती शेतकऱ्यांची वावरे आहेत.

येथे एक अडचण नोंदवावी लागते. वरील सर्व खुणा जुन्या आहेत. दोन्ही शहरांच्या कडांवर गेल्या काही दशकांत पडलेले अभिन्यास, महामार्गालगतची गोदामे आणि मंगल कार्यालये यांचे तुकडे वेगळे कापून समोर ठेवले तर कोणता तुकडा कोठला, हे जाणकारालाही सांगता येणार नाही. ओळख गाभ्यात टिकून आहे. कडेला ती जवळजवळ नाही. खेळात प्रतिमेची चौकट कडेवर पडली तर उत्तर चुकते, आणि ते खेळाडूचे अज्ञान नव्हे.

वर्गात हा अभ्यास करून घेताना नावे काढलेल्या दोन प्रतिमा, एक मे मधील व एक सप्टेंबरमधील, ‘भुवन’सारख्या संकेतस्थळांच्या साहाय्याने तयार करता येतात. उत्तराखाली कारण लिहिण्याची सक्ती असावी. अंबा नाल्याकाठची हिरवी रेघ मोर्णा समजून एखादा विद्यार्थी अमरावतीला अकोला म्हणेल. पण त्यानेच खाली ‘येथे रूळ संपतात, हे मात्र जुळत नाही’ असे लिहिले असेल, तर त्याला गुण द्यावे लागतील.