बांगड्यांच्या ठेवीतून शर्यतीचं चाक

गेल्या जून महिन्यात एका कागदावरून आमच्या घरात तीन दिवस अबोला झाला. तो कागद म्हणजे कॉम्प्युटरच्या एका दुकानाचं कोटेशन. खाली बेरीज होती २,३८,००० रुपये. अकरावीत गेलेल्या माझ्या नातीला घरात बसून मोटारींची शर्यत खेळायची होती आणि त्यासाठी लागणाऱ्या सामानाची ती यादी होती. चिरंजीव म्हणाले, "बाबा, खेळण्यासाठी अडीच लाख?" सूनबाई काहीच बोलल्या नाहीत, पण स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज वाढला.

कागद माझ्यापुढे यायला कारण होतं. माझ्या पत्नीनं नातीच्या बांगड्यांसाठी म्हणून आमच्या दोघांच्या नावावर एक मुदत ठेव ठेवली होती. ती स्वतः चार वर्षांपूर्वी गेली. ठेवीची मुदत मे महिन्यात संपली. हातात आले एक लाख ऐंशी हजार. मी नातीला म्हटलं, "चल, सराफाकडे जाऊ." ती म्हणाली, "आबा, आजीनं दिलेलं माझ्या हातातच असायला हवं ना? मग मला स्टिअरिंग घेऊन दे."

यावर काय बोलणार? चौतीस वर्षं बँकेत कर्जाचे अर्ज तपासले. ज्या अर्जावर लगेच 'हो' म्हणवत नाही आणि 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही, त्यावर आम्ही शेरा मारत असू, 'अधिक माहिती मागवावी.' तोच शेरा मी मनातल्या मनात मारला आणि चौकशीला लागलो.

पहिला प्रश्न चिरंजीवांचाच होता. हा खेळ की शिक्षण? याचं उत्तर मला मोटारींत नाही, विमानांत सापडलं. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या तरुणानं १९२९ साली जमिनीवरच विमान चालवायला शिकवणारं यंत्र तयार केलं. त्याच्या वडिलांचा वाद्यांचा कारखाना होता. तिथं ऑर्गन वाद्यासाठी लागणारे भाते त्यानं लाकडी विमानाखाली बसवले. आपल्या पेटीला असतो तसाच भाता, समजा. हवा भरली की विमान कलायचं, सोडली की खाली यायचं. लोकांनी आधी ते जत्रेतलं खेळणं मानलं. पुढं १९३४ साली टपाल नेणारे सैनिकी वैमानिक खराब हवेत एकामागून एक मरण पावले, तेव्हा अमेरिकी सैन्यानं हीच यंत्रं विकत घेतली. जत्रेतल्या खेळण्यानं माणसं वाचवली.

मोटारींतही असं घडलं आहे. 'ग्रान टुरिस्मो' या खेळावरून चालक निवडण्याची एक स्पर्धा होती. जान मार्डेनबरो हा ब्रिटिश मुलगा २०११ साली ती जिंकला आणि २०१३ साली ल मान्सच्या खऱ्याखुऱ्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याच्या गाडीनं आपल्या गटात तिसरा क्रमांक मिळवला. २०२० साली महासाथीत मैदानं बंद पडली, तेव्हा ल मान्सची शर्यत पडद्यावर झाली आणि तिच्यात व्यावसायिक चालक उतरले. तेव्हा 'हे खेळणं' एवढ्यावर अर्ज फेटाळता येत नव्हता.

मग कोटेशन उघडलं. कर्जाच्या अर्जात मी नेहमी एक गोष्ट पाहत असे. पैसा कामाच्या यंत्रावर चाललाय की कार्यालयाच्या काचेवर? या कागदावर उत्तर स्पष्ट होतं. रंगीबेरंगी दिव्यांचं काचेचं कॅबिनेट, पाण्यानं थंड होणारी यंत्रणा, सर्वांत महाग ग्राफिक्स कार्ड, मोठा फोर-के पडदा. आणि तळाशी एका ओळीत 'स्टिअरिंग व पेडल सेट, २६,०००'. म्हणजे एकूण रकमेच्या अकरा टक्के. ज्या दोन वस्तूंना पोरीचे हातपाय लागणार, त्यांची किंमत सगळ्यांत कमी!

नातीला विचारलं, "शर्यत कुठं जिंकतात?" ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "ब्रेकवर." वेग सगळेच गाठतात, वळणाआधी कोण किती उशिरा आणि किती नेमका ब्रेक दाबतो, यावर सगळं ठरतं. मी म्हटलं, मग यादी ब्रेकपासून सुरू करू.

स्वस्त पेडलमध्ये बहुधा पोटेन्शिओमीटर असतो. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचा तोच. पाय किती खाली गेला, एवढंच त्याला कळतं आणि झिजल्यावर रेडिओ खरखरायचा तसा तोही चुकीचे आकडे देऊ लागतो. महाग पेडलमध्ये लोडसेल असतो. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो तो प्रकार. पाय किती सरकला हे तो मोजत नाही, किती जोर लावला ते मोजतो. माणसाच्या पायाला अंतरापेक्षा जोर चांगला लक्षात राहतो, आणि खऱ्या गाडीचा ब्रेकही जोरावरच चालतो. लोडसेलवर मी तिथंच बरोबरची खूण केली.

पण त्या जोराला टेकू नको? प्रयोग म्हणून दुकानदाराकडून एक दिवसासाठी पेडल आणली आणि निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी भेट दिलेल्या माझ्या फिरत्या खुर्चीत नातीला बसवलं. तिनं ब्रेक दाबला. पेडल जागेवर राहिलं आणि खुर्ची, चाकांवरून घरंगळत, थेट देवघरापर्यंत गेली. तीन दिवसांत पहिल्यांदा सूनबाई हसल्या. अबोला तिथं सुटला.

कोल्हापूरकराला अशा वेळी उद्यमनगर आठवतं. तिथल्या एका वेल्डरनं चौकोनी लोखंडी नळ्यांचा सांगाडा करून दिला. भंगारातून एका जुन्या मोटारीची सीट मिळाली, मागं-पुढं सरकणाऱ्या पट्ट्यांसकट. सगळं मिळून साडेआठ हजार. पेडल, स्टिअरिंग आणि सीट एकाच सांगाड्याला बोल्टनं आवळली. आता उंच माणूस बसो की बुटका, काही हलत नाही.

स्टिअरिंगचे तीन प्रकार समजले. पहिल्यात मोटर आणि चाक यांच्यामध्ये गिअर असतात. ते स्वस्त, पण दातांतली ढिलाई हाताला खटखट जाणवते. दुसऱ्यात पट्टा असतो, तो मऊ चालतो. तिसऱ्यात चाक थेट मोटरच्या दांड्यावर बसतं, म्हणून त्याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. रस्त्यावरचा खडबडीतपणा, मागचं चाक घसरायला लागल्याची पहिली थरथर, सगळं हाताशी पोचतं. ताकद न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. आम्ही पाच न्यूटन-मीटरचं घेतलं. २८ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेला त्याचा जोर साधारण साडेतीन किलो होतो. सोळा वर्षांच्या मनगटाला तेवढा पुरे. याहून फार ताकदीची चाकं धडकेच्या वेळी अंगठा मुरगाळू शकतात, म्हणून अंगठे आत न अडकवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावली.

मग उरला कॉम्प्युटर. १९८४ साली रंगराजन समितीनं बँकांत यंत्रं आणण्याचा अहवाल दिला, तेव्हा मी नोकरीत नवा होतो. पुढं आमच्या शाखेत यंत्र आलं, तेव्हा त्या गार खोलीत आम्ही चपला काढून जात असू. आता त्याचं भय राहिलं नाही, पण काम कोण करतं हे विचारायची सवय राहिली. इथं कामं दोन. गाडीचं गणित, म्हणजे टायर, स्प्रिंग, घसरण, हे प्रोसेसर करतो. 'असेटो कॉर्सा' नावाच्या इटालियन खेळात हे गणित सेकंदाला तीनशेहून अधिक वेळा मांडलं जातं, आणि शर्यतीत वीस गाड्या असल्या की वीस खाती एकदम लिहावी लागतात. ग्राफिक्स कार्ड फक्त चित्र रंगवतं. किती रंगवायचं हे पडद्यावर अवलंबून. साध्या फुल एचडी पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके, आम्ही निवडलेल्यावर ३७ लाख, फोर-केवर ८३ लाख. म्हणजे आधी पडदा ठरवावा आणि मग त्याला पेलेल एवढंच कार्ड घ्यावं. दुकानदारानं उलट केलं होतं. आधी कार्ड, मग त्याला शोभेल असा पडदा.

ठिपक्यांपेक्षा मला दुसरा हिशेब महत्त्वाचा वाटला. ताशी २०० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला साडेपंचावन्न मीटर कापते. पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल, तर दोन चित्रांमध्ये गाडी ९३ सेंटिमीटर पुढं गेलेली असते. १४४ चित्रं असतील तर फक्त ३९. ब्रेकची जागा चुकायला अर्धा मीटर पुरतो. म्हणून फोर-के सोडून १४४ चित्रांचा २७ इंची पडदा घेतला आणि तो स्टिअरिंगच्या मागं, डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर आणला. तेवढ्या अंतरावरून तो नजरेचे ५३ अंश व्यापतो. खेळातही तोच कोन भरायचा, म्हणजे वळण दिसतं तेवढंच लांब असतं. या सुधारणेला एक पैसाही लागला नाही.

दिवे, काच, पाणी यादीतून गेलं. त्याऐवजी चांगल्या प्रतीचा पॉवर सप्लाय आणि एक यूपीएस आला, कारण आमच्या भागात पावसाळ्यात वीज डोळे मिचकावते. शेवटचा हिशेब असा. कॉम्प्युटर ७४,०००, पडदा १९,०००, स्टिअरिंग-पेडल ६६,०००, सांगाडा आणि सीट ८,५००, यूपीएस ७,५००. एकूण १,७५,०००. चाक आणि पेडलचा वाटा अकरावरून जवळजवळ ३८ टक्क्यांवर गेला.

याचा अर्थ हे यंत्र सगळं शिकवतं असा नाही. वळणावर शरीर बाजूला फेकलं जातं, ते इथं होत नाही. भीती वाटत नाही. आणि सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे गाडी भिंतीवर चुरडली, तरी बटण दाबताच पुन्हा कोरी करकरीत होते. माझ्या पिढीनं हायवेवर जे पाहिलंय, त्याला असं बटण नव्हतं. म्हणून मंजुरीच्या पत्रात असतात तशा दोन अटी मी घातल्या. पहिली, छोट्या गाडीपासून सुरुवात. दुसरी, अठरा पूर्ण होऊन लायसन हातात आलं की रस्त्यावर हा वेग कधीही नाही. तिनं सही केली. खरोखर, कागदावर.

एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर तिच्या खोलीत दिवा होता. कॉम्प्युटर बंद होता आणि ती वहीत काहीतरी लिहीत होती. पाहिलं तर रकाने आखलेले. तारीख, फेरी, मोंझाच्या पहिल्या वळणाला ब्रेक कुठं दाबला, वेळ किती लागली. शेवटच्या रकान्यावर मथळा होता, 'चूक कुठं'. एका ओळीत तिनं लिहिलं होतं, 'घाई केली'. चौतीस वर्षांत इतका प्रामाणिक ताळेबंद माझ्या टेबलावर फार थोड्यांदा आला होता.

दुसऱ्या दिवशी चिरंजीव ऑफिसातून आले आणि कपडे न बदलता त्या सीटवर बसले. पहिल्याच वळणाला भिंतीत गेले. लेक शांतपणे म्हणाली, "बाबा, ब्रेक आधी. वळण नंतर." ते पुन्हा निघाले. जेवायला येईपर्यंत ताट गार झालं होतं.

ठेवीतले पाच हजार उरले आहेत. ते तिच्याच नावानं पुन्हा वर्षभरासाठी ठेवले. बांगड्यांचं पुढं पाहू. अर्जावरचा जुना शेरा मात्र खोडून मी तिथं एकच शब्द लिहिला आहे, 'मंजूर'. ठेव जिची होती, तिनं तो माझ्या आधीच लिहिला असता, असं आता वाटतं.